सरकारचा एक रुपया

माझ्या बायकोच्या मामांनी सरकारची जेवढी काळजी केली, तेवढी खुद्द सरकारनेही कधी केली नसेल. त्या काळी साबणाच्या वेष्टनावर किंमत छापून पुढे बारीक अक्षरांत ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहिलेलं असे. बाकीचे लोक ते वाचत नसत. मामा चष्मा कपाळावर चढवून नेमकं तेवढंच वाचत. ‘टॅक्स धरून की सोडून?’ हा त्यांचा प्रश्न मुलुंडच्या बाजारात त्यांच्या आधी पोचे. मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा माझ्या पगाराचा आकडा ऐकूनही त्यांनी हेच विचारलं होतं. टॅक्स जाऊन एवढे हातात येतात, हे पटल्यावरच माझं लग्न ठरलं.

त्यांच्या कोकणातल्या गावचा एक बालमित्र स्टेशनजवळ भांड्यांचं दुकान चालवायचा. मामा रोज संध्याकाळी तिथल्या स्टुलावर बसत, त्याचा चहा पीत आणि न विचारता गिऱ्हाइकांना कराचा हिशेब समजावत. मित्र बिचारा सोसत असे. एकदा मी तिथे स्टोव्ह घेतला. ‘जावईबापू, एकशे दहा, टॅक्स धरून,’ म्हणत मित्राने बिल केलं : किंमत शंभर, दहा टक्के विक्रीकर दहा. मामांनी बिल ओढून घेतलं. ‘एकशे दहाचे दहा टक्के अकरा होतात! तू दहाच लावलेस. सरकारचा एक रुपया खाल्लास!’ दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मित्राचा चेहरा उतरला. ‘ल्हानपणापासून माका वळखतंस, नि चोर म्हणतंस?’ एवढंच बोलून त्याने स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

मग मामांच्या संध्याकाळी गॅलरीत जाऊ लागल्या. ‘तत्त्वाचा प्रश्न आहे,’ असं म्हणत, पण बांगड्याचं तिखलंसुद्धा पानात टाकून उठत. माझा जीव टांगणीला लागला, कारण भांडण माझ्या स्टोव्हवरून झालं होतं. शेवटी एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा वड्यांचं पीठ करायला मामी धान्य मोजत बसल्या होत्या. ‘अहो, दहा वाट्या तांदळात एक वाटी उडीद घातले. अकरा वाट्या झाल्या. आता उडीद काढायचे तर किती काढाल?’

‘एकच वाटी.’

‘मग शंभरावर दहा घातलेले असताना तुम्ही अकरा कुठून काढताय?’

मामांनी वाट्या बोटाने पुन्हा मोजल्या आणि ते एकदम मोठ्याने हसले. स्वतः चुकल्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. आपला मित्र चोर नाही, या आनंदात ते उलटसुलट चपला घालून निघाले. मी मागोमाग पळालो. दुकानात पोचल्यावर मात्र त्यांना माफी काही मागता येईना. ‘एक चमचा दे रे. टॅक्स धरून किती?’ मित्र आत जाऊन स्टूल घेऊन आला आणि म्हणाला, ‘बस मेल्या.’ मला अगदी हायसं वाटलं.

आता तो मित्र नाही आणि ते दुकानही नाही. वेष्टनांवर हल्ली ‘सर्व करांसहित’ असं छापलेलं असतं, त्यामुळे मामांना कुणाला काही विचारावं लागत नाही. मग बाजारातून परतताना मीच मुद्दाम विचारतो, ‘मामा, यात टॅक्स किती हो?’ ते खुलतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि रस्ताभर समजावून सांगतात. घर आलं की जरा थांबतात आणि हळूच म्हणतात, ‘जावईबापू, बिल बरोबर होतं हो त्याचं.’