टेंभरे सर आणि रविवारी काढावे लागलेले रिलीज

या गौरवग्रंथातील परिचयलेखाची मुद्रिते गेल्या आठवड्यात माझ्याकडे तपासायला आली. त्यात एक वाक्य आहे : ‘पाणीपाळी प्रणालीतील सुरक्षेच्या त्रुटीची माहिती सरांच्या हातून वेळेआधी उघड झाली, तरी त्यांनी परिस्थिती सावरली.’ हे वाक्य चूक आहे. माहिती सरांच्या हातून उघड झाली नाही, माझ्या हातून झाली. समितीला मी वाक्य बदलायला सांगितले. उत्तर आले की सरांनी स्वतःच तसे जाहीर केले होते आणि त्यांच्या सहीचे निवेदन उपलब्ध आहे. निवेदन आहे, हे खरे. म्हणून हा लेख लिहिणे भाग पडले.

श्री. दुलीचंदजी टेंभरे यांची व माझी पहिली भेट खटक्याने सुरू झाली. सर तेव्हा गोंदियाच्या एका महाविद्यालयात संगणक शिकवत असत आणि सुटीच्या दिवशी अर्जुनीकडच्या आपल्या धानशेतीत असत. मी पाटबंधारे कार्यालयात पाण्याच्या पाळ्यांचे तक्ते करीत असे. सर तक्त्याची प्रत मागायला आले. मी म्हटले, “अर्ज आणा.”

“अर्ज कायले पाहिजे मॅडम? तक्ता तर बाहेर भिंतीवर लावून ठेवला आहे तुम्ही.”

“मग भिंतीवरून उतरवून घ्या.”

त्यांनी खरोखर उतरवून घेतला. उभ्याने, वहीत, दोन तास. जाताना माझ्या टेबलाशी आले आणि शांतपणे म्हणाले, “तिसऱ्या रकान्यात एका गावाची पाळी दोनदा पडली आहे आणि त्याच्या खालच्या गावाची पडलीच नाही.” मी जाऊन पाहिले. तसेच होते. दुसऱ्या दिवशी सर रीतसर अर्ज घेऊन आले, दोन प्रतींत. त्या दिवसापासून मी त्यांचा शब्द तपासल्याशिवाय खोडलेला नाही.

ज्या वाचकांचा कालव्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळी धानाला इटियाडोह धरणाचे पाणी पाळीपाळीने मिळते. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, कोणत्या वारी, किती वाजता, किती तास, हे पाणी वापर संस्थेचे सचिव ठरवतात. पाळी चुकली तर पुढची येईपर्यंत बांधी भेगाळते. सर्वांत जास्त फटका टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांना बसतो. सरांनी लिहिलेली ‘पाणीपाळी’ ही संगणक प्रणाली हा क्रम सांभाळते आणि प्रत्येक शेतकऱ्याला आदल्या दिवशी फोनवर संदेश पाठवते. तिचा सगळा कोड सरांनी पहिल्या दिवसापासून खुला ठेवला. कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. आज ती आपल्या जिल्ह्याबाहेरच्या संस्थाही वापरतात.

खुलेपणाचा सरांचा एक कडक नियम होता, तो म्हणजे बदलवही. प्रणालीत काहीही बदलले की त्याची नोंद त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत, संकेतस्थळावरच्या या वहीत झाली पाहिजे. आणि शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत. मी निवृत्त झाल्यावर हे काम सरांनी माझ्याकडे दिले. मी एकही दिवस चुकवला नाही. चुकवायला हवा होता तो दिवसही चुकवला नाही, आणि या लेखाचे कारण तेच आहे.

सरांच्या कामाची पद्धत कळावी म्हणून त्याआधीची एक गोष्ट सांगते. अनेक संस्था नव्या आवृत्तीवर गेल्या तेव्हा जुनी आवृत्ती बंद करावी, असा मी आग्रह धरला. दोन आवृत्त्या सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करायची, दोनदा तपासायची. सर म्हणाले, “जुनी कोण वापरून राहिले ते बघा.” मी यादी काढली. सगळी टेलची गावे. त्यांच्या संगणकांवर नवी आवृत्ती चालतच नव्हती. सरांनी यादी माझ्याकडे परत दिली. जुनी आवृत्ती अजून चालू आहे.

माणूस म्हणूनही त्यांची रीत हीच. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा महिनाभर मला पडद्याकडे बघायची मनाई होती. वही दुसऱ्या कोणाला द्या, असे मी कळवले. सरांनी दिली नाही. रोज दुपारी चारला त्यांचा फोन येई. ते बदल वाचून दाखवीत, मी नोंद सांगे, ते टंकून घेत. एकदा मी एकाच वाक्यात तीनदा फेरबदल केला. पलीकडून सर म्हणाले, “ताई, पट्टी डोळ्याला बांधली आहे की मला?” मला हसावेही जपूनच लागत होते.

आता तो प्रसंग. तीन उन्हाळ्यांपूर्वी, पाळी चालू असताना, दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संगणक अभियंता बाईंचे सरांना खाजगी पत्र आले. ‘पासवर्ड विसरला’ या पानातून कोणीही परका माणूस कोणत्याही संस्थेचा सचिव म्हणून आत शिरू शकतो, असे त्यांनी करून दाखवले होते. आत शिरला की पाळीचा क्रम त्याच्या हातात. सरांनी त्यांना तासाभरात उत्तर दिले, आभार मानले आणि दुरुस्ती होईपर्यंत गुप्तता पाळण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली.

दुरुस्ती सरांनी एका दिवसात लिहिली. अवघड होते ते पुढचे. खुल्या कोडमध्ये दुरुस्ती प्रसिद्ध केली की फट कुठे होती हे ज्याला कोड वाचता येतो त्याला लगेच कळते. मग जी संस्था नवा कोड बसवायला उशीर करील तिचे दार उघडे, आणि ते कुठे आहे हेही जगजाहीर. म्हणून सरांनी आखणी केली. मंगळवारी पाळी संपते, कालव्याची दारे बंद होतात. बुधवारी सकाळी दहाला दोन्ही आवृत्त्यांचे रिलीज, म्हणजे दुरुस्त कोडची प्रसिद्धी, एकदम. त्याआधी प्रत्येक सचिवाला फोन : बुधवारी दहा ते बारा संगणकासमोर बसा, कारण नंतर सांगू. सगळ्यांचे बसवून झाल्याची खात्री पटली की शुक्रवारी त्रुटीची संपूर्ण माहिती जाहीर करायची.

शनिवारी दुपारी सरांनी दुरुस्ती माझ्याकडे चाचणीसाठी पाठवली. मी चाचणी केली, बरोबर निघाली. संध्याकाळी पाच वाजता मी बदलवही उघडली आणि लिहिले : ‘पासवर्ड विसरल्यास उघडणाऱ्या पानातील चूक दुरुस्त केली. या चुकीमुळे संस्थेबाहेरची व्यक्ती पाळी बदलू शकत होती.’ खाली नेहमीप्रमाणे माझे नाव. आखणी मला तोंडपाठ होती. पण बदल झाला की वही लिहायची, हे हाताला त्याहून पाठ होते.

रविवारी सकाळी टेलच्या संस्थेचे अध्यक्ष शामराव उईके यांचा फोन आला.

“मॅडम, वहीत हे का लिवलं जी? कोणीबी आत येऊ शकते म्हणता?”

मला काय झाले ते तेव्हा कळले. मी म्हटले, “दुरुस्ती तयार आहे, उईकेभाऊ.”

“तयार आहे तं मंग आमच्याकडं काऊन नाही आली? उद्या आमची पाळी आहे. चार दिवसांपासून लोक पाण्याची वाट पाहून राहिले. कोणी मधातच खेळ केला तं आमी काय करावं?”

मी लगेच सरांना फोन केला. काय केले ते एका वाक्यात सांगितले. वर म्हटले, “नोंद काढून टाकते.”

“नका काढू,” सर म्हणाले. “ज्याने वाचायची त्याने रात्रीतून वाचली असेल. आता काढली तर फक्त आपल्याच लोकांना दिसणार नाही.” मग म्हणाले, “रिलीज आज. बुधवारची आखणी सोडा. कागद घ्या.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेले. प्रत्येक सचिवाने आधी दोन दिवसांचा पाळीचा तक्ता तपासून छापायचा, सहीशिक्का करून कार्यालयाच्या भिंतीवर लावायचा आणि कालव्याच्या चौकीदाराला एक प्रत द्यायची. रिलीज बसेपर्यंत पडद्यावरचे काही मानायचे नाही, कागद मानायचा. दुपारी दोनला रिलीज. आधी टेलच्या संस्था, मग वरच्या. कारण जुनी आवृत्ती बसायला वेळ जास्त लागतो आणि उद्याचे पाणीही त्यांचेच. फोन मी करायचे. पत्र लिहिणाऱ्या बाईंना मात्र ते स्वतः कळवणार होते. गुप्तता आपल्या बाजूने मोडली हे त्यांना आपल्याकडूनच कळले पाहिजे, असे ते म्हणाले.

मी दिवसभर फोन केले. एक सचिव लग्नात होते, त्यांना मांडवातून उठवले. दुसरे म्हणाले, “रविवारी कोणता सरकारी हुकूम निघते बाप्पा?” मी सांगितले, हुकूम सरकारी नाही, माझा आहे. उईकेंनी तक्त्याच्या चार प्रती काढल्या आणि चौथी स्वतःच्या खिशात ठेवली. सायंकाळपर्यंत शेवटच्या संस्थेचे काम झाले. छापील तक्ते आणि पडद्यावरचे तक्ते एकेक नाव घेऊन जुळवले. कोणीही कुठेही हात लावलेला नव्हता. सोमवारी टेलला पाणी पोचले.

त्याच रात्री सरांनी निवेदन प्रसिद्ध केले. त्रुटी शोधणाऱ्या बाईंचे नाव त्यांच्या संमतीने ठळक दिले. पुढे लिहिले, ‘माहिती नियोजित वेळेआधी उघड झाली. नियोजन माझे होते, त्यातील उणीव माझी आहे.’ मी फोन करून विरोध केला. सर म्हणाले, “वही बंद ठेवा, एवढे तीन शब्द मी तुम्हाला सांगायला हवे होते. मी सांगितले नाहीत. यात खोटे काय आहे?”

पुढच्या सर्वसाधारण सभेत या निवेदनावरून सरांना बरेच ऐकावे लागले. “सर, आता घरी नातवंडं खेळवा,” असेही एकाने म्हटले. दोन संस्था प्रणाली सोडून गेल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठायला हवे होते. मी उठले नाही. वही माझ्या हातून जाईल, ही भीती वाटली. तीन वर्षे सरांनी या गोष्टीचा एकदाही उल्लेख केला नाही, आणि मीही केला नाही. दोन्हींत फरक आहे, तो मला माहीत आहे.

यंदा सरांनी रिलीजची जबाबदारी सोडायची ठरवली आणि माझे नाव सुचवले. मुद्रितातले ते वाक्य वाचल्यावर गप्प राहून ही जबाबदारी घेणे मला जमेना. परवाच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळे सांगितले; ज्यांना माझे नाव नको असेल त्यांनी हात वर करावा, असे म्हटले. मागून उईके बोलले, “आमाले तं मालूमच होतं जी. नोंदीखाली तुमचं नाव होतं. मी फोनबी तुमालेच लावला होता, सरांले नाही.”

“मग तीन वर्षे बोलला काऊन नाहीत?” मी जरा जोरातच विचारले.

“सर बोलले नाही, मंग आमी कायले बोलावं?”

हशा पिकला. सरही हसले. हात कोणी वर केला नाही. सोडून गेलेल्या संस्था अर्थात सभेत नव्हत्या. त्यांना मी हा लेख पाठवणार आहे.

सरांना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे. त्यांची दृष्टी व गुडघे शाबूत राहोत, सकाळी बांधावर जाणे सुटू नये, आणि आमच्या चुका दाखवायला ते पुष्कळ वर्षे आमच्या जवळ असावेत. परिचयलेखातील ते वाक्य समितीने दुरुस्त करावे, ही विनंती कायम आहे.

सभेनंतर सरांच्या घरी झालेल्या हस्तांतराची नोंद :

रिलीजवर डिजिटल सही करण्याची किल्ली, पेनड्राइव्हवर, बंद पाकिटात. तिचा पासवर्ड तोंडी. सर्व सचिवांची फोनयादी. कोणाला सकाळी रेंज नसते आणि कोणाला दोनदा सांगावे लागते, याच्या पेन्सिलीतील खुणांसह. जुन्या आवृत्तीच्या चाचणीसाठी ठेवलेला जुना संगणक, चालू स्थितीत. त्रुटी आढळल्यास करावयाच्या आखणीची दोन पाने. पहिली ओळ सरांनी नव्याने लिहिलेली : ‘वही लिहिणाऱ्याला सर्वांत आधी सांगावे.’ आणि त्याच सकाळी आलेले, उत्तर न दिलेले एक खाजगी पत्र. विषय, सुरक्षेतील संभाव्य त्रुटी.

देणार : दुलीचंद टेंभरे. घेणार : कुंदा मेश्राम. साक्षीदार : शामराव उईके. पत्राला उत्तर घेणाराने तासाभरात दिले.