एका झऱ्याचे दोन नकाशे

डेल्फिन मावशी आमच्या जमातीच्या सरकारात जमिनीचे नकाशे सांभाळायची. कुठे बांधायचं, कुठे नाही, हे तिच्या सहीने ठरे. पण आमच्या राखीव मुलखातले निम्मे तुकडे आजोबांच्या काळातच बाहेरच्यांच्या हाती गेलेले, आणि त्यांवर काउंटी, म्हणजे अमेरिकेतलं जिल्हा सरकार, हक्क सांगे. तिकडे हेच काम आर्ने लिंडविक करायचा. नऊ वर्षं दोघं एकमेकांना कडक पत्रं लिहीत होती. भेट एकदाही नाही.

अशाच एका तुकड्यावर, खाडीकाठी राहणाऱ्या इंगा आजींना खालच्या मजल्यावर न्हाणीघर हवं होतं; नवऱ्याचे गुडघे गेले होते. काउंटीने परवाना दिला, मावशीने काम थांबवलं. एका सकाळी दोघंही त्यांच्या दारात येऊन ठेपली.

"बरे एकदम सापडलात," आजी म्हणाल्या. "म्हाताऱ्याला रोज धरून-धरून जिना चढवतेय मी. तुमचं ठरल्याशिवाय इथून कोणी हलायचं नाही."

"अडचण काय आहे, ते तरी कळू दे," आर्ने म्हणाला.

"मागे झरा आहे," मावशी म्हणाली.

"माझ्या नकाशात नाही."

"तुमच्या नकाशाचे पाय कधी भिजलेत?"

मावशीने त्याला घरामागे नेलं. त्याचे बूट घोट्यापर्यंत चिखलात रुतले. "सांडपाणी यात उतरलं की खालच्या खाडीतल्या शिंपल्या गेल्या," ती म्हणाली. "माझी आई तिथेच शिंपल्या काढायची."

आर्नेने बूट उपसून घराभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "पूर्वेच्या अंगाला बांधलं तर? तिकडचं पाणी झऱ्याकडे उतरत नाही."

"नऊ वर्षं मी नुसतं 'नाही' लिहीत होते गं," मावशी मला नंतर म्हणाली. "'मग कुठे' हे एकदाही लिहिलं नाही."

आजींच्या टेबलावर दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी पसरले गेले. न्हाणीघर पूर्वेला झालं.

त्यानंतर दर गुरुवारी दोघं एकत्र बसू लागली. आमच्यातले काही तिला 'काउंटीची सून' म्हणायचे. ती चारचौघांत हसायची, घरी येऊन रडायची. चार वर्षांनी दोन्ही सरकारांनी एकाच नकाशावर सह्या केल्या.

आर्ने निवृत्त झाला तेव्हा जमातीने त्याला सभागृहात बोलावलं. आमच्याकडे मान द्यायचा तर खांद्यांवर लोकरीची घोंगडी पांघरतात. तो ताडमाड, मावशीचा हात पुरेना.

"वाका की जरा!" ती ओरडली.

तो गुडघ्यांवरच बसला. मावशी घोंगडी नीट करत होती, आणि तो डोळे पुसत होता.