न झालेलं ऑपरेशन

जुळ्या मुली झाल्या तेव्हा आम्ही खांडबाऱ्याला राहत होतो. मी स्टेशनात तिकीटबाबू, बायको शाळेत शिक्षिका. मुली धडधाकट निघाल्या, पण तिचं पोट काही आत गेलं नाही. वर्ष उलटलं तरी कातडी ओटीपोटावर लोंबत होती आणि मधले स्नायू फाकल्यामुळे उभी राहिली की पोट पुढे यायचं. बाजारात एखादी अनोळखी बाई हटकायचीच, "काय व बाई, कितवा महिना शे?"

"महिना नाही, दोघी घरी खेळताहेत," ती हसून सांगायची. घरी आल्यावर मात्र पिशवी ठेवून आरशासमोर पोट आत ओढून बघायची.

सुरतेला एक सर्जन जास्तीची कातडी काढून स्नायू शिवून देतो, असं तिच्या कानावर आलं. तिनं मला सरळ सांगितलं, "मला जायचंय."

मी घाबरलो. लहानपणी सांधे सुजून आलेल्या तापात तिच्या हृदयाची एक झडप आखडली होती. चढ चढताना तिला दम लागायचा. बाळंतपणात तर डॉक्टरही धास्तावले होते. मी म्हणालो, "माझ्यासाठी हे करू नकोस. मला तू आहेस तशीच आवडतेस."

"तुमच्यासाठी कोण करतंय?" ती म्हणाली. "अंग माझं आहे. ते मला पुन्हा नीट झालेलं हवंय. यात लाजण्यासारखं काय आहे?"

माझ्या आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पोरी चांगल्या शेतस, तू बी वाचनी. आते पोटनं काय लई बसनी?" पोटाचं काय घेऊन बसलीस, हे बायकोनं ऐकून घेतलं, पण बेत सोडला नाही. मुलींना माझ्या आईपाशी ठेवून आम्ही सकाळच्या गाडीनं सुरतेला गेलो.

सर्जननं पोट तपासलं आणि करता येईल म्हणाला. मग छातीला नळी लावली, तसं त्याचं बोलणं थांबलं. त्यानं आम्हाला हृदयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते वयस्कर, शांत गृहस्थ होते. बायकोनं वहीच्या पानावर प्रश्न लिहून आणले होते. पोट असंच राहिलं तर जिवाला धोका आहे का? नाही. भूल दिल्यावर हृदय दगा देऊ शकेल का? देऊ शकेल. किती शक्यता?

"आकडा सांगता येणार नाही," ते म्हणाले. "पण माझी मुलगी असतीस तर मी नको म्हणालो असतो. त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. पुन्हा दिवस राहिले तर हे हृदय टिकणार नाही."

पानावर हा प्रश्न नव्हता. तिनं पान घडी करून पिशवीत ठेवलं. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिला समजावलं नाही. तिला हवं होतं ते गेलं होतं, आणि ते लहान नव्हतं. व्यारा स्टेशन गेल्यावर डोळे पुसून ती माझ्याकडे वळली.

"मी सुरीखाली जायला तयार होते. आता तुम्ही जाल?"

तेव्हा पुरुषाची नसबंदी म्हटलं की माणसं कुजबुजायची. ताकद जाते, बाईलवेडा म्हणतात, काय काय. डॉक्टरांपेक्षा मी त्या कुजबुजीलाच जास्त घाबरत होतो. तरी पंधरा दिवसांत नंदुरबारच्या दवाखान्यात जाऊन आलो. अर्ध्या तासाचं काम होतं.

मी घरी पडून असताना आईनं विचारलं, "याले काय व्हयनं?" मी पोट बिघडल्याचं सांगणार, तेवढ्यात बायकोच म्हणाली, "माझा जीव वाचावा म्हणून यांनी ऑपरेशन करून घेतलं, आत्याबाई." आईनं उठून माझ्यासाठी शिरा केला.

पुढे बायकोनं नंदुरबारच्या एका मुसलमान शिंप्याकडून जाड कापडाचा, नाड्यांचा पट्टा शिवून घेतला. मापं तिनंच कागदावर काढून दिली होती. पट्टा बांधला की कंबर दुखायची थांबे आणि ती तासन् तास फळ्यापाशी उभी राही. शाळेतली दुसरी बाई बाळंतपणानंतर तसंच सुटलेलं पोट पदराखाली झाकत कानकोंडी होऊन फिरायची. एके दिवशी मधल्या सुट्टीत बायकोनं दार लावून घेतलं, पदर बाजूला केला आणि तिला स्वतःचं पोट आणि पट्टा दोन्ही दाखवलं.