बेलापूरच्या किल्ल्यावर ह्यांना आलेली हाक

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवणारी बाई आहे मी. आमचे हे तर त्याहून कडक. तरीही लिहितेय...

आम्ही नेरूळला राहतो. हे रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळी आमची भटकंती ठरलेली. थंडी सरता सरता खाडीवर फ्लेमिंगो, उन्हाळ्यात बागेत झाडाखाली डबा आणि पाऊस जरा ओसरला की बेलापूरचा किल्ला. किल्ला म्हणजे काय, एक बुरूज आणि थोडी पडकी भिंत. पण ह्यांचं लेक्चर असं, जणू स्वतःच तिथे पहाऱ्याला होते!

आता एक सांगायला हवं. मी ह्यांना कधीच नावाने हाक मारलेली नाही. आमच्याकडे पद्धतच नाही, "अहो"वरच अख्खा संसार झाला. एकदा बागेत "अहो!" म्हणून ओरडले तर चार नवरे वळले, हे सोडून! लेक चिडवते, "आई, नाव घेतलंस तर काय आभाळ कोसळेल?" पण जीभच वळत नाही हो.

तर गेल्या भाद्रपदातली गोष्ट. माझा घसा पार बसलेला, कुजबुजण्यापलीकडे आवाज नाही. "चला, आज किल्ल्यावर शांतता नांदेल," म्हणून हे खुशीत. बुरुजापाशी गवत कमरेएवढं वाढलेलं. मी अलीकडे दगडावर बसून थर्मासमधला चहा ओतत होते आणि हे पलीकडे गेले, अख्खा बुरूज एका फोटोत बसवायला.

परत आले ते पांढरेफटक पडून.

"तू... तू इथेच होतीस?"

"मग कुठे जाणार?" मी कुजबुजले.



झालं असं, की फोटोसाठी हे मोबाईल डोळ्यांसमोर धरून मागे मागे सरकत होते. तेवढ्यात मागून माझा आवाज आला — "मनोहर!" इतका जोरात, की दचकून थांबले आणि वळले. मागे कुणीच नाही. आणि एका पावलावर, वेलींच्या खाली जमीनच नव्हती! कडा ढासळून खोल घळ झालेली. मीच आत पडले की काय म्हणून ह्यांनी वाकवाकून मला शोधलं.

"अहो, आवाज कुठाय मला? आणि नावाने? मी?"

"तेच तर!"

ह्यांना घरी सगळे बंडू म्हणतात, ऑफिसात साहेब म्हणायचे. मनोहर म्हणणारं कुणी उरलेलंच नाही. भास असेल, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात खालून रानभाजी खुडणारी एक आजी वर आली.

"बाय, कवरं वरडलीस गो! मनोहर, मनोहर... पार खाली आयकू आलं. गावला का तुजा मानूस?"

 उतरताना मी ह्यांचा हात धरला, तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. लोक बघत होते, बघू देत.

लेक म्हणते, एको असेल. बसलेल्या घशाचा कसला आलाय एको!  ह्यांच्याशिवाय मला राहता येणार नाही, एवढंच त्या दिवशी लख्ख कळलं.

घसा सुटल्यावर एका दुपारी हे स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "एकदा खरंच मार ना हाक." मी उगाचच दार लोटून घेतलं, इतकी लाज वाटत होती... आणि म्हटलं, "मनोहर."

 हे डोळे पुसत म्हणाले, "ओ... त्या दिवशी ओ द्यायची राहूनच गेली होती गं."