ऑर्व्हिलचा निरोप, माझा सत्कार

ऑर्व्हिल पेटीवे आमच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवायचा. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची भारदस्त थोरली बहीण. नोकरीच्या परीक्षेला तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचा काळा चेहरा बघून रखवालदार म्हणाला, “सामान मागच्या दारानं!” ऑर्व्हिल निमूट मागे गेला. तिथं कँटीनचा ट्रक उभा होता. त्यानं बटाट्यांची पोती उतरवून दिली, हात धुतले आणि वर जाऊन असं वाजवलं की जागा त्यालाच मिळाली. “बोटं गरम झाली ना आयती!” म्हणायचा.

काळे वादक आम्ही दोघंच. मी रोस्को, माणसाएवढा उंच डबल बास वाजवणारा, ताडमाड आणि टकला. ऑर्व्हिल बुटका, गोल, दाढीवाला. तरी ऑफिसातले लोक आमची हटकून अदलाबदल करत. सर्दी त्याला व्हायची, चौकशी माझी.

तो निवृत्त झाला त्या दुपारी नव्या मॅनेजर हॅलोरनबाईंनी गहिवरून भाषण केलं आणि “या, पेटीवेसाहेब!” म्हणत मलाच मंचावर ओढलं. वादकांत खसखस पिकली. मी तोंड उघडणार, तोच खालून ऑर्व्हिलनं डोळे वटारले आणि केकची बशी घेऊन स्वतःच उठला.

“मलाही दोन शब्द बोलायचेत,” तो म्हणाला. “ऑर्व्हिलसारखा व्हायोलावाला अख्ख्या ओहायोत झाला नाही. काय हात, काय कान! दिसायला तर राजबिंडा. आणि नम्र किती? स्वतःबद्दल कधी अवाक्षर काढणार नाही!”

बाईंना हुंदका फुटला. त्यांनी मला झुलती खुर्ची भेट दिली आणि फोटोसाठी ऑर्व्हिलच्या बायकोला, लविनियाला, माझ्या शेजारी उभं केलं. ती मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, “हा बरा आहे. फळीवरचे डबे काढून देईल. यालाच नेते घरी.”

शेवटी कुणीतरी बाईंच्या कानात खरं सांगितलं. त्या बीटासारख्या लाल झाल्या, माफी मागू लागल्या.

“असू द्या हो,” ऑर्व्हिल म्हणाला. “माझ्याबद्दल इतकं चांगलं दुसरं कोण बोललं असतं?”

खुर्ची गाडीत चढवण्याआधी त्यानं ती एकदा झुलवून पाहिली. मग म्हणाला, “इतकी वर्षं वाजवलं, रोस्को. ऐकलं असेल ना रे कुणीतरी?”

“मी ऐकलं की.”

“तू? तू तर मागे डुलक्या काढायचास!”

तेवढ्यात पुढच्या सीटवरून लविनिया ओरडली, “तुमच्यापैकी जो कुणी माझा नवरा असेल त्यानं गाडी काढा. मला भूक लागलीय!”