थोरलीची नोंद

घरात ती एकुलती एक, तरी आई तिला धाकटी म्हणायची, आणि आईमुळे सगळा शेजारही. लहानपणी तिने एकदाच विचारलं होतं, की मी धाकटी तर थोरली कोण? आई वेणी घालत होती. तिने असा हिसका दिला, की पुन्हा विचारायची सोय उरली नाही.

पुढे धाकटी जन्मनोंदणीच्या खिडकीत कारकून झाली. अर्जात एक रकाना होता : कितवे अपत्य. वीस वर्षं ती मान वर न करता विचारत आली, "कितवं मूल?" नवरे पटकन सांगत. काही बायका मात्र थबकत, बोटांनी खिडकीची कड चाचपत राहत. का, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नाही.

एका दुपारी एक जोडपं आलं. "पहिलं," नवरा म्हणाला.

बायको खाली बघत म्हणाली, "दुसरं."

नवऱ्याने तोंड फिरवलं. धाकटीने "दुसरे" लिहिलं, शिक्का मारला, आणि खिडकी लावून घेतली. ती उठून जुन्या नोंदवह्यांच्या खोलीत गेली. आपल्या जन्माचं वर्ष काढलं. आईबाबांची नावं, पुढे : दुसरे अपत्य. तीन वर्षं मागच्या वहीत तीच नावं. मुलगी. पहिले. मृत्यूच्या वहीत नऊ दिवसांनंतरची तारीख.

घरी येऊन तिने आईपुढे नुसतं "नऊ दिवस" म्हटलं.

"तुझे बाबा म्हणायचे, हीच आपली पहिली. मीही हो ला हो करायचे. पण तुला पहिली म्हटलं असतं, तर ती कुठे गेली असती गं?"

त्यानंतर धाकटीला घरात एकटं वाटेनासं झालं, आणि ते काही सुखाचं नव्हतं. आरशापुढे जाताना तिथे आधीच कुणी उभं आहे असं वाटून ती अंग चोरायची.

शेवटच्या दुखण्यात आई माणसं ओळखेनाशी झाली. भर दुपारी दाराकडे बघून म्हणायची, "थोरले, बस ना जरा." धाकटी मुकाट्याने खुर्ची पुढे सरकवायची आणि स्वतः पलंगाच्या पायथ्याशी टेकायची. आई त्या खुर्चीशी तासन्‌तास बोलायची. मध्येच थांबून ऐकायची, आणि हसायची.