चिंधी बांधलेली काकडी

आमच्या शेजारच्या सुमनकाकूंच्या परसात काकडीचा मांडव आहे. त्यातल्या एका काकडीच्या देठाला दरवर्षी लाल चिंधी बांधलेली दिसते. ती बियाण्याची काकडी. वेलावरची सगळ्यात सरळ, सगळ्यात भरलेली. तिला कुणी हात लावायचा नाही. ती वेलावरच पिवळी होऊन पिकते आणि मग तिचं बी राखेत घोळून ठेवतात.

मला या चिंधीचा मनातून रागच यायचा. म्हणजे या घरानं जन्मभर खाल्लं काय, तर चांगलं सोडून उरलेलं! चांगलं ते पुढच्या वर्षासाठी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा चिंधी आहेच. पण काकूंनी पाठवलेली कोशिंबीर खाताना वाटायचं, ही गोडी त्या हट्टातूनच आलेली आहे. दरवर्षी कुणीतरी जीभ आवरली, म्हणून आली.

काकूंचे यजमान अण्णा काल दवाखान्यातून घरी आले. तोंडाची चव पार गेलेली, दोन घासही जाईनात. मी भेटायला गेले तेव्हा काकू त्यांच्याजवळ बसून कोवळी काकडी चिरत होत्या. विळीशेजारी लाल चिंधी पडली होती.

अण्णांना ती दिसली. "अगं, बियाण्याची तोडलीस? आता पुढच्या वर्षी वाकड्या येतील."

"येऊ देत वाकड्या," मीठ लावलेली फोड त्यांच्या हातात देत काकू म्हणाल्या, "खायला तुम्ही असा म्हणजे झालं."